जुन्या सी-१० ट्रकसाठी घरी बनवलेली सर्ज टाकी: हिशोब, वेल्डिंग आणि जागेचा प्रश्न

चौकोनी_सीटेन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला असतो, मूळचा कोल्हापूरचा. माझ्याकडे १९८५ चा शेव्हरोले सी-१० पिकअप ट्रक आहे. १९७३ ते १९८७ मधली ही चौकोनी ठेवणीची पिढी, इकडे तिला 'स्क्वेअरबॉडी' म्हणतात. मूळचं कार्ब्युरेटरवालं इंजिन उतरवून जीएमचंच (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मूळ कंपनी) ५.३ लिटरचं इंजेक्शनवालं एलएम७ व्ही-८ चढवलंय, त्यावर टर्बो. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब, १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). ताकद ४५० अश्वशक्ती धरून पुढचा सगळा हिशोब केला आहे. ट्रक रस्त्यावर चालतो आणि अधूनमधून ऑटोक्रॉसला नेतो, म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून, घड्याळ लावून एकेकाने पळवायची शर्यत.

त्रास काय होता ते आधी सांगतो. टाकी अर्ध्याखाली गेली की लांब वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंधनाचा दाब ५८ पीएसआयवरून धाडकन तिशीत यायचा. कॉम्प्युटरच्या नोंदीत (लॉगमध्ये) त्याच क्षणी हवा-इंधनाचं प्रमाण ११.५ वरून १५ च्या वर. बूस्ट चालू असताना मिश्रण इतकं कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी, पडलं की ठोके (नॉकिंग) सुरू होतात, आणि पिस्टनवरच्या दोन रिंगांमधली कड तुटायला एक-दोन सेकंद पुरतात.

मूळ दुखणं टाकीत आहे. ती कार्ब्युरेटरसाठी बनलेली. कार्ब्युरेटरच्या पोटात फ्लोटची वाटी असते, तिच्यात थोडं पेट्रोल कायम साठलेलं. पंपाने टाकीतून चार घोट हवा ओढली तरी ती वाटी वेळ निभावून नेते. इंजेक्शनला, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या रचनेला, अशी वाटी नाही. पंपाने हवा ओढली की ती थेट इंजेक्टरच्या दारात. त्यात ही टाकी लांबुळकी, आत पेट्रोल अडवायला पडदे नाहीत, ओढायची नळी एकाच जागी. ०.९ जीच्या वळणात पेट्रोलचा पृष्ठभाग जवळजवळ ४२ अंशांनी कलतो. नळीचं तोंड उघडं पडणारच.

यावर सर्ज टाकी. मुख्य टाकीतून कमी दाबाचा लिफ्ट पंप या छोट्या टाकीत सतत पेट्रोल भरत राहतो. छोट्या टाकीच्या तळातून जास्त दाबाचा पंप इंजिनाला देतो. इंधनाचा दाब ठरावीक राखणाऱ्या रेग्युलेटरकडून परत येणारं पेट्रोलही छोट्या टाकीतच येतं. जास्तीचं पेट्रोल आणि त्यासोबत आलेली हवा डोक्यावरच्या नळीने मुख्य टाकीत परत. मुख्य टाकीतून चार सेकंद हवाच आली तरी छोट्या टाकीचा तळ भरलेला असतो.

आता आकडे. टर्बो पेट्रोल इंजिनाला अश्वशक्तीमागे तासाला ०.६ पौंड पेट्रोल धरतात. ४५० ला २७० पौंड, म्हणजे साधारण १२२ किलो, म्हणजे तासाला १६५ लिटरच्या आसपास. सेकंदाला ४६ मिली. वळणात नळी चार सेकंद कोरडी राहिली तर खर्च १८५ मिली. एक लिटरची टाकीही पुरली असती. मी दोन लिटरची केली. साठा हे त्यातलं छोटं कारण. खरं कारण उष्णता. रेग्युलेटरवरून फिरून येणारं पेट्रोल इंजिनाजवळची ऊब घेऊन येतं, आणि एवढ्याशा डब्यात तेच तेच फिरत राहिलं तर तापत जातं.

बांधणी: ६०६१ या मिश्रधातूची ॲल्युमिनियमची नळी, बाहेरून ४ इंच, भिंत ३ मिमी, म्हणजे आतून साधारण ९५ मिमी. उंची २८ सेमी. तळाला आणि वर ५ मिमीच्या चकत्या. तळापासून सेंटीमीटरभर वर एएन-८ चं तोंड (एएन हे नळीच्या जोडांचं माप, मोठा आकडा म्हणजे मोठी नळी), ते जास्त दाबाच्या पंपाकडे. अगदी तळाला वेगळा निचऱ्याचा बोल्ट, पाणी-घाण काढायला. मध्यावर एएन-६ मधून लिफ्ट पंपाचं पेट्रोल आत, त्याच्या थोडं वर एएन-६ मधून रेग्युलेटरचं परतीचं. सगळ्यात वर एएन-८ मधून ओव्हरफ्लो. आत मध्यावर भोकं पाडलेली आडवी चकती, म्हणजे वरचा फेस खाली तळाच्या तोंडापर्यंत पोचत नाही. ओव्हरफ्लोची नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा मोठी ठेवायची, याबाबत तडजोड नको. ती तुंबली की छोट्या टाकीत दाब साठतो.

टाकी तयार आहे, वेल्डिंग झालंय, अजून ट्रकवर चढवलेली नाही. तीन जागा डोळ्यांसमोर आहेत: बॉनेटखाली, मागे बेडमध्ये (सामानाच्या हौद्यात), किंवा खाली चॅसिसच्या दोन रेलच्या मध्ये. माझा कल तिसरीकडे आहे. जाणकारांनी मोकळेपणाने बोलावं.


पळसपान

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). चित्रासारखं डोळ्यांसमोर उभं केलंत. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).


चाकणकर

उत्तम धागा. मी चाकणला इंधन टाक्यांचेच भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

तुम्ही बाहेर जे बनवलंय तेच हल्लीच्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीच्या आत असतं. पंप एका प्लॅस्टिकच्या भांड्यात बसवलेला असतो आणि ते भांडं भरलेलं ठेवायला जेट पंप असतो. जेट पंपाला मोटर नाही. थोडं पेट्रोल बारीक छिद्रातून जोरात सोडायचं, तिथे दाब कमी होतो आणि आजूबाजूचं पेट्रोल ओढलं जाऊन भांड्यात जातं. फिरणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. तुमच्या रचनेत दोन पंप, दुप्पट नळ्या आणि डझनभर जोड आले. प्रत्येक जोड ही गळतीची शक्यता. इंजेक्शनसाठी पडदे आणि भांडं असलेली तयार टाकी या ट्रकसाठी मिळते असं ऐकून आहे. ती का नको?

दुसरं, रेग्युलेटर कोणता लावलाय? एलएस इंजिन (तुमचं एलएम७ त्याच कुटुंबातलं) बसवणारे बरेच जण कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर लावतात. १९९९ ते २००३ च्या गाड्यांतला तो भाग, फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डबीत, दाब ५८ पीएसआयला पक्का. टर्बो नसलेल्या इंजिनाला झकास. पण तुमच्याकडे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, १० पीएसआय बूस्ट आहे. इंजेक्टरच्या एका बाजूला ५८ आणि दुसऱ्या बाजूला १०, म्हणजे प्रत्यक्ष फरक ४८ चाच. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे नेमकं गरज असते तेव्हा इंजेक्टर ९ टक्के कमी पेट्रोल देतो.


चौकोनी_सीटेन

चाकणकर साहेब, रेग्युलेटर बूस्टची नळी जोडलेला आहे, एकास एक. बूस्ट १० आला की फ्युएल रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ६८ होतो. कॉर्व्हेटचा भाग आधीच्या बांधणीत होता, टर्बो लावला तेव्हाच काढला. याचा दुसरा परिणाम पंपावर होतो. तासाला २५५ लिटरचा पंप म्हणून जो विकला जातो तो ७० पीएसआयच्या आसपास तितकं देत नाही, आकडा २०० च्या जवळ येतो. १६५ लागतात, त्यामुळे पुरतो, पण ५०० च्या वर ताकद नेणाऱ्याने डब्यावरचा आकडा बघून पंप घेऊ नये, दाबाप्रमाणे प्रवाहाचा तक्ता बघावा.

तयार टाकी का नको, तर तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. जो नव्याने सुरुवात करतोय त्याने तीच घ्यावी असं मीही सांगेन. माझ्याकडे मूळची टाकी चांगल्या स्थितीत आहे, आतून गंज नाही, गेजचा काटा अचूक चालतो. आणि माझ्या बघण्यात आलेल्या भांडीवाल्या टाक्या सरळ पळणाऱ्या ट्रकला पुरतात, पण पाव टाकीवर लांब उजव्या वळणात त्यांचंही भांडं रिकामं होतं. भांडं लहान आणि भरण्याचा वेग मर्यादित. ऑटोक्रॉसला वजन वाचवायला टाकी अर्ध्याखालीच ठेवतात, त्यामुळे हा प्रसंग माझ्यासाठी नेहमीचा आहे.


शिरोलीचा_टिगवाला

गाववाले, रामराम. शिरोली एमआयडीसीत आपलं टिग वेल्डिंगचं काम चालतंय. ॲल्युमिनियमवर पंधरा वर्सं हात बसलाय म्हणून सांगतो.

६०६१ ला रॉड ४०४३ वापरला का ५३५६? ४०४३ चांगला वाहतोय, भेगा कमी, गळतीच्या कामाला तोच बरा. ५३५६ ला ताकद जास्त, पण गरम जागेला सतत राहणाऱ्या कामाला नको. तुमची टाकी तापणार, म्हणून ४०४३.

वेल्डिंगच्या आधी ॲसिटोननं पुसायचं आणि स्टेनलेसच्या ब्रशनं घासायचं. तो ब्रश दुसऱ्या कुठल्या लोखंडाला लावायचा न्हाई. वरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर वितळतोय आणि खालचं ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या आसपास. थर तसाच ठेवला तर खालचा धातू पाणी होतोय आणि वरची साय तशीच. मग माणूस अँपिअर वाढवतो आणि भोक पडतंय. तेलकटपणा राहिला तर आत बारीक छिद्रं होतात, डोळ्याला दिसत न्हाईत, पेट्रोल मात्र बरोबर शोधतंय.

आट्यांच्या तोंडांना वेल्ड करताना आत जुना बोल्ट फिरवून ठेवायचा, म्हणजे तोंड वाकडं होत न्हाई. नंतर टॅप फिरवून आटे साफ करून घ्यायचे. आणि चकती बसवायच्या आधी आतला चुरा, कीस, सगळं धुऊन काढायचं. बंद झाल्यावर आत राहिलेला एक कण पंपाच्या जाळीत जाऊन बसतोय.

तपासणी कशी केली?


चौकोनी_सीटेन

रामराम दादा. ४०४३ च वापरला. तपासणी दोन टप्प्यांत. आधी पाणी भरून रात्रभर कागदावर उभी ठेवली. मग रिकामी करून, वाळवून, सगळी तोंडं बंद करून ५ पीएसआय हवा भरली आणि प्रत्येक शिवणीवर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. तळाच्या चकतीपाशी, जिथे शिवणीचा शेवट सुरुवातीवर येतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक उठत होते. पाण्याने ते दाखवलं नव्हतं. ती जागा घासून पुन्हा वितळवून घेतली आणि सगळं पहिल्यापासून तपासलं.

जे कुणी हे वाचून करतील त्यांना कळकळीने सांगतो: हवेचा दाब ५ च्या वर नेऊ नका. बारीकसा गेज आणि रेग्युलेटर लावा, कॉम्प्रेसरची नळी सरळ जोडू नका. आणि ज्यात एकदा पेट्रोल गेलंय त्या टाकीला पुन्हा टॉर्च लावायचा नाही. धुतली, वाळवली, वास येत नाही, तरी नाही.


बाष्पदाब

शेवटच्या ओळींना माझा शंभर टक्के दुजोरा. मी केमिकल इंजिनिअर, टेक्सासच्या किनाऱ्यावर रिफायनरीच्या कामात बरीच वर्षं आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतो, म्हणजे कुठल्याही ऋतूत, कुठल्याही गॅरेजमध्ये त्याची वाफ ठिणगीला तयारच असते. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ असली की पेट घेते. भरलेली टाकी त्या मानाने बरी, कारण आत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकामी, 'धुतलेली' टाकी नेमकी त्या पट्ट्यात येते. शिवणीच्या फटीत राहिलेले चार थेंब टॉर्चच्या उष्णतेने वाफ होतात, तेवढे पुरतात. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत जाते, म्हणून गॅरेजमधला वॉटर हीटर किंवा ड्रायरही लक्षात ठेवा.

आता तुमच्या टाकीबद्दल. चौकोनीदादा, तुम्ही उष्णतेला पहिला मान दिलात हे मला फार आवडलं. बहुतेकांचं लक्ष डब्याच्या आकाराकडे असतं. पंपाच्या तोंडाशी दाब सगळ्यात कमी असतो, आणि पेट्रोल गरम असेल तर ते तिथेच उकळायला लागतं. पंप मग वाफ ढकलत बसतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. आवाज बदलतो, पंप कण्हल्यासारखा वाजतो. हिवाळी पेट्रोलचा बाष्पदाब (वाफ होण्याची ओढ) मुद्दाम जास्त ठेवतात, थंडीत गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून. इथे फेब्रुवारीत मध्येच एखादा दिवस २७-२८ अंशांचा उगवतो आणि टाकीत मात्र हिवाळी पेट्रोल असतं. असा दिवस ऑगस्टपेक्षा वाईट.

लिफ्ट पंप किती देतो? त्यावर सगळं अवलंबून आहे.

इथेनॉलचंही बघा. साध्या १० टक्केवाल्या पेट्रोलला उघडं ॲल्युमिनियम चालतं. पुढे ई८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) जायचा विचार असेल तर टाकीला आतून-बाहेरून ॲनोडायझिंग करून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ओलं इथेनॉल उघड्या ॲल्युमिनियमला खातं, तळाला पांढरी भुकटी जमते. ई८५ ला इंधनही घनफळात तीस ते चाळीस टक्के जास्त लागतं, म्हणजे तुमचा पंप अपुरा पडेल.


चौकोनी_सीटेन

ताई, लिफ्ट पंपावर मोकळ्या नळीने तासाला ७२ गॅलन लिहिलंय, म्हणजे २७० लिटर. प्रत्यक्षात फिल्टर, नळी, चढ धरून मी २०० धरतो, सेकंदाला ५५ मिली. पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिन ४६ खातं, म्हणजे ९ मिली कसेबसे वर वाहतात. पण रस्त्यावर शांत चालताना इंजिनाला सेकंदाला ४ मिलीच लागतात. उरलेले पन्नास मिली थंड पेट्रोल दर सेकंदाला छोट्या टाकीतून वाहून मुख्य टाकीत जातात आणि ऊब सोबत नेतात. दोन लिटर पेट्रोल चाळीस सेकंदांत बदलतं म्हणा ना. म्हणून तर ओव्हरफ्लोची नळी मोठी. कार्ब्युरेटरच्या काळातली परतीची बारीक नळी या ट्रकला होती, ती वापरायचा मोह होतो, पण ती एवढा प्रवाह घेत नाही. नवीन टाकली.

नळ्यांचं: दाबाच्या बाजूला आतून पीटीएफई (टेफ्लॉन), वरून स्टीलची जाळी. दुकानात 'फ्युएल होज' म्हणून जी मिळते तिच्यावर बरेचदा ३०आर७ छापलेलं असतं, ती कार्ब्युरेटरच्या दाबासाठी. इंजेक्शनला निदान ३०आर९ हवी. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला ३०आर१०, कारण तिथे बाहेरूनही पेट्रोलच असतं. आर९ ची बाहेरची कातडी त्यासाठी नाही, काही महिन्यांत फुगून मऊ पडते.


डेट्रॉईटवासी

वाहनसुरक्षेच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त. जागेबद्दल बोलतो, कारण या ट्रकच्या बाबतीत तोच मुख्य प्रश्न आहे.

तुमच्या ट्रकची मुख्य टाकी कुठे आहे? चॅसिसच्या रेलच्या बाहेर, बेडच्या पत्र्याच्या लगेच आत. १९७३ ते १९८७ च्या जीएमच्या सगळ्या मोठ्या पिकअपना हीच रचना होती. बाजूने धडक बसली तर टाकीच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये फक्त पातळ पत्रा. १९८८ च्या नव्या मालिकेपासून जीएमने टाकी रेलच्या आत घेतली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने या ट्रकची चौकशी सुरू केली. त्याच नोव्हेंबरात एनबीसीने एका कार्यक्रमात ट्रक पेटताना दाखवला. पेट घ्यावा म्हणून त्याला आग लावणारी उपकरणं बांधलेली होती हे पुढे उघड झालं आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीने जाहीर माफी मागितली. त्या गोंधळात मूळ प्रश्नाकडे लोकांचं दुर्लक्ष झालं याचं मला आजही वाईट वाटतं. १९९४ च्या ऑक्टोबरात वाहतूक खात्याने दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष दिला आणि डिसेंबरात तडजोड झाली: जीएमने सुरक्षेच्या कार्यक्रमांना ५ कोटी १० लाख डॉलरच्या वर द्यायचे, ट्रक परत बोलवायचे नाहीत. म्हणून हे ट्रक आजही तशाच टाकीने फिरतात.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. बॉनेटखाली नको: एका बाजूला टर्बोची लाल तापलेली नळी, दुसऱ्या बाजूला समोरून होणारी धडक. बेडमध्ये दिसायला छान, पण मागून आणि बाजूने उघडी, आणि सामान आदळतं ते वेगळंच. रेलच्या आतच बसवा, मागच्या एक्सलच्या पुढे. तिथे दोन्ही बाजूंना लोखंडाची रेल आहे.

आणि एवढी मेहनत घेताय तर मुख्य टाकीही हलवा. त्याच काळातल्या ब्लेझर आणि सबर्बनची टाकी रेलच्या मध्ये, एक्सलच्या मागे बसते. कितीतरी सी-१० वाल्यांनी ती बसवून घेतली आहे.


चौकोनी_सीटेन

काका, ही माहिती इथे हवीच होती. ब्लेझरच्या टाकीचं काम हिवाळ्यात घेतो. सर्ज टाकी रेलच्या आत हे आता नक्की.

कशी बसवतोय ते सांगतो. डाव्या रेलला आतून ५ मिमी जाडीचा कंस, त्यावर रबरी गुट्ट्या, आणि टाकीला वर-खाली दोन पट्टे. टाकीलाच कान वेल्ड करून सरळ बोल्ट मारायचे नाहीत. चॅसिस पिळतो आणि ताण वेल्डिंगवर येतो. उंची अशी की टाकीचा तळ जास्त दाबाच्या पंपाच्या वर राहील. हे पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चे. पेट्रोल वजनाने आपोआप तोंडाशी आलं पाहिजे. सगळ्यात खालचा भाग चॅसिसच्या कडेच्या वर, म्हणजे रस्त्यावरचा दगड लागणार नाही. एक्झॉस्ट उजव्या बाजूने नेलाय, मध्ये ॲल्युमिनियमचा उष्णतारोधक पत्रा.

टाकीच्या डोक्याला वेगळं श्वासाचं भोक ठेवलेलं नाही. श्वास ओव्हरफ्लोमधून मुख्य टाकीत आणि तिथून मूळच्या, पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यातून. तो डबा काढून टाकणाऱ्यांना माझी विनंती, काढू नका.


रॅलीवेडा_नाशिक

खूप शिकायला मिळालं. माझा प्रश्न आपल्याकडचा. माझी डिझेल पिकअप आहे, घाटात आणि चिखलात उभ्या चढावर पाव टाकीला इंजिन गुदमरतं. मी अशीच टाकी बनवून घेऊ का? इथे एक जण प्लॅस्टिकच्या पाइपमधून बनवून देतो म्हणतोय.


चाकणकर

रॅलीवेडा, पहिली गोष्ट, पीव्हीसीच्या पाइपची टाकी कुठल्याही परिस्थितीत नाही. इंधनाने तो खराब होतो, त्याचा डिंकाने जोडलेला सांधा सुटतो आणि उष्णतेने वाकतो. जो हे देऊ करतोय त्याच्या हातात गाडी देऊ नका.

दुसरी, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनाचा जास्त दाबाचा पंप डिझेलवरच वंगण घेतो. त्यात हवा गेली तर धातूला धातू घासतो आणि बारीक कीस सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो. म्हणून गुदमरणं अंगावर काढू नका. पण आधी टाकीतलं भांडं आणि त्याचा झडपेचा पडदा तपासून घ्या. हा पडदा झिजला की चढावर भांड्यातलं डिझेल मागे वाहून जातं. बहुतेक वेळा दुखणं तिथे सापडतं आणि मूळ कंपनीचा सुटा भाग बदलून संपतं.

तिसरी, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे उचलून धरलं. इंधनाच्या रचनेला हात लावलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. स्पर्धेसाठीच गाडी बांधायची असेल तर एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटर स्पोर्ट्सची संघटना) नियम वाचून, त्यांच्या तपासणीतून जाईल अशी बांधा.


बाष्पदाब

+१. पीव्हीसीबद्दल तर दहा वेळा +१.

चौकोनीदादा, एक शंका. लिफ्ट पंप वाटेत बंद पडला तर?


चौकोनी_सीटेन

ताई, या रचनेतला सगळ्यात मोठा धोका तोच. एकच पंप असता तर तो बंद पडताच ट्रक थांबला असता. इथे लिफ्ट पंप मेला तरी ट्रक सात-आठ मिनिटं सुखाने चालतो, कारण दोन लिटर साठा आहे. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि मग नेमका बूस्टमध्ये साठा संपतो.

म्हणून दोन पहारे. लिफ्टच्या नळीत, टाकीच्या तोंडाशी बारीक छिद्राची चकती घातली आहे, म्हणजे तिच्या मागे दोन-तीन पीएसआय दाब टिकतो. तिथे कमी दाबाचा स्विच आणि डॅशबोर्डवर लाल दिवा. दुसरा स्विच फ्युएल रेलवर, ४५ पीएसआयला जुळवलेला. बूस्ट वाढवणाऱ्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा) करंट त्यातून जातो. दाब ४५ च्या खाली आला की करंट तुटतो आणि बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे सहावर येतो. कॉम्प्युटरच्या भरवशावर काही नाही.

दोन्ही पंपांना वेगवेगळे रिले आणि वेगवेगळे फ्यूज, वायर जाड. दोन्ही रिलेंचा करंट एका इनर्शिया स्विचमधून नेलाय, जुन्या फोर्डच्या गाड्यांत असतो तो, भंगारच्या यार्डात मिळतो. धडक बसली की तो उडतो आणि दोन्ही पंप थांबतात.


शिरोलीचा_टिगवाला

हे बेस केलंसा. पण पहिल्यांदा चालू करताना काय? टाकी कोरडी असणार.


चौकोनी_सीटेन

बरोबर पकडलंत दादा. जीएमचा कॉम्प्युटर चावी फिरवल्यावर पंप दोनच सेकंद चालवतो आणि इंजिन फिरल्याशिवाय पुन्हा चालू करत नाही. दोन सेकंदांत छोट्या टाकीत येणार जेमतेम शंभर मिली, भरायला लागणार अर्धा-पाऊण मिनिट. तोवर जास्त दाबाचा पंप कोरडा फिरतो, आणि कोरडा पंप लवकर मरतो. म्हणून पहिल्या वेळी जास्त दाबाच्या पंपाचा फ्यूज काढायचा, लिफ्ट पंपाला रिलेच्या जागी तात्पुरती तार लावून एकटा चालवायचा आणि मुख्य टाकीच्या तोंडाशी कान द्यायचा. ओव्हरफ्लोचं पेट्रोल आत पडल्याचा आवाज आला की छोटी टाकी भरली. मग सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून बघायचे, आणि त्यानंतर दुसरा फ्यूज. अग्निशामक हाताशी, गॅरेजचं दार उघडं, बॅटरीचा चार्जर बाहेर.


चौकोनी_सीटेन

चढवली, आणि शनिवारी मैदानात नेली. टाकी मुद्दाम पावच ठेवली होती. लॉग बघतोय: ज्या उजव्या वळणात दाब तिशीत यायचा तिथे लिफ्टच्या स्विचचा लाल दिवा तीन सेकंद पेटला, म्हणजे मुख्य टाकीची नळी उघडी पडलीच होती. फ्युएल रेलवरचा दाब मात्र बूस्टसोबत ६७-६८ वर सरळ रेघेत. मिश्रण ११.४ ते ११.६. दुपारी हवा ३६ अंश असताना, पळवून आणल्यावर छोट्या टाकीच्या अंगाचं तापमान मोजलं: मुख्य टाकीपेक्षा ४ अंश जास्त. बाष्पदाब ताई, तुमचं मत?


बाष्पदाब

चार अंश चालतील. ट्रक बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तेव्हा प्रवाह थांबलेला असतो आणि एक्झॉस्टची ऊब वर चढत असते, खरा आकडा तेव्हा दिसेल. दहाच्या वर गेला तर उष्णतारोधक पत्रा तळापर्यंत वाढवा आणि पत्रा व टाकी यांच्यात दोन बोटं हवा राहू द्या.


चौकोनी_सीटेन

पुढच्या वेळी अर्ध्या तासाने मोजून आकडा इथेच टाकतो. पत्र्याचा तुकडा कापून ठेवला आहे.